कॅनडाहून पाहुणे येणार, घरात सात महिन्यांचं बाळ: गोवराचं काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही बेळगावात वडगावला राहता. मुलगी सात महिन्यांची. अडीच महिन्यांनी नणंदेचं लग्न आहे आणि त्यासाठी ब्रॅम्प्टनहून तुमचे थोरले दीर, जाऊबाई आणि त्यांचा साडेतीन वर्षांचा मुलगा येणार आहेत. कॅनडात गोवराची साथ आहे असं वाचल्यापासून तुमच्या जिवाला घोर लागलाय. मुलाला आणू नका असं त्यांना सांगावं का, की आपणच बाळाला घेऊन चंदगडला माहेरी जाऊन राहावं, की बाळाला आत्ताच लस टोचून घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. लग्नानंतर सासूबाई त्यांच्यासोबत सहा महिन्यांसाठी कॅनडाला जाणार, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय.

मी बेळगावात लहान मुलांचा डॉक्टर आहे. माझ्याकडे येणारी बरीच मुलं खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यातली असतात, त्यामुळे सीमेच्या दोन्ही बाजूंची लसीकरणाची कार्डं रोज हातात येतात. आधी उत्तर सांगून टाकतो: पाहुण्यांना येऊ द्या, माहेरी पळू नका, बाळाचे नऊ महिने पूर्ण झाले की लस एक दिवसही लांबवू नका, आणि बाळाची काळजी जेवढी करताय तेवढीच घरातल्या मोठ्यांच्या लशींची चौकशी करा. हे असं का, ते आता सविस्तर सांगतो.

तुम्ही धोका कॅनडाकडून बेळगावकडे येताना बघताय. पण गोवर दोन्ही दिशांनी प्रवास करतो. कॅनडानं 1998 मध्ये गोवराचं उच्चाटन केलं होतं, म्हणजे तिथं तो कायमचा मुक्कामाला नव्हता. बाहेरून एखादा रुग्ण यायचा, चार-दोन जणांना व्हायचा आणि विझायचा. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यू ब्रन्सविक प्रांतात बाहेरून आलेल्या गोवरानं मूळ धरलं, तो ऑन्टारिओत, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे तिथं पोचला, पुढं अल्बर्टात गेला आणि वर्षभर थांबलाच नाही. 2025 मध्ये तिथं पाच हजारांहून जास्त रुग्ण झाले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये कॅनडाचा गोवरमुक्त देश हा दर्जा गेला. तुम्ही वाचलेली बातमी खोटी नाही.

आता आपल्याकडचं बघा. आपल्या देशात गोवराचं उच्चाटन अजून झालेलंच नाही. 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत केवढी साथ आली होती, मालेगाव-भिवंडीपर्यंत मुलं दगावली होती, ते आठवत असेल. त्यामुळे तुमच्या पुतण्यापासून तुमच्या मुलीला जेवढा धोका आहे, त्याहून इथल्या गर्दीत फिरणाऱ्या त्या पुतण्याला धोका कमी नाही. कॅनडा-अमेरिकेत बाहेरून आलेले म्हणून जे रुग्ण नोंदवतात, त्यांत भारतात सुट्टीला येऊन गेलेली मुलंही असतात.

विमानतळावर ताप तपासून हा आजार का अडवता येत नाही, ते तारखा घालून सांगतो. समजा पुतण्याला 1 तारखेला ब्रॅम्प्टनमध्ये कुणाकडून तरी लागण झाली. 3 तारखेला तो विमानात बसला. तोंडावर एक पुटकुळी नाही, अंगात कणकण नाही, खेळतोय-हसतोय. मुंबईत उतरला, तिथून सांबऱ्याच्या विमानानं किंवा रात्रीच्या स्लीपर बसनं बेळगावात आला. साधारण 11 तारखेला ताप, सर्दी, खोकला, डोळे लाल. लग्नघरात प्रत्येकजण म्हणणार, हवा बदलली, पाणी बदललं. पुरळ उठणार 15 तारखेच्या आसपास. आणि गोवर पसरतो तो पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यावर चार दिवसांपर्यंत. म्हणजे 12 ला लग्न असेल तर हळदीच्या संध्याकाळी, सगळ्या आत्या-मावश्या त्याला कडेवर घेत असताना तो पुरेपूर पसरवत असतो, आणि गोवर म्हणावं असं काहीच दिसत नसतं. ज्यांना त्याच्याकडून लागण झाली त्यांना ताप येणार 22 च्या पुढं. तोवर वऱ्हाडी आपापल्या गावी पोचलेले: कुणी गडहिंग्लजला, कुणी पुण्याला, कुणी चोर्ल्याच्या घाटानं गोव्यात कामावर. हेच उलटंही होतं. इथं 12 तारखेला लागण झालेलं मूल 20 ला ठणठणीत परत जातं आणि 26 ला ब्रॅम्प्टनच्या शाळेत त्याच्या अंगावर पुरळ दिसतं.

शिवाय हा विषाणू हवेतून जातो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्या खोलीच्या हवेत तो असू शकतो. संरक्षण नसलेले दहा जण जवळ आले तर नऊ जणांना होतो. कोविडच्या वेळी आपण अंतर, सॅनिटायझर शिकलो, त्यातलं फार थोडं इथं कामी येतं. इथं कामी येते ती लस.

म्हणूनच आजार कुठून आला यापेक्षा, तो आला तेव्हा इथं किती जण बिनलशीचे होते, यावर सगळं ठरतं. सामोआचं उदाहरण मी पालकांना नेहमी सांगतो. दोन लाख वस्तीचा तो बेटांचा देश. 2018 मध्ये तिथं लस देताना परिचारिकांकडून भलतंच औषध मिसळलं गेलं, दोन बाळं दगावली, लोकांचा विश्वास उडाला आणि लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण एक तृतीयांशाच्याही खाली गेलं. 2019 मध्ये न्यूझीलंडमध्ये साथ होती, तिकडून गोवर बेटावर आला आणि 83 जण गेले, बहुतेक पाच वर्षांखालचे. तेवढ्याच काळात न्यूझीलंडहून आजार इतर बेटांवरही पोचला होता, पण जिथं शंभरातल्या 95 मुलांना लस होती तिथं असा हाहाकार झाला नाही.

आता तुमच्या माहेरी जाण्याच्या विचाराकडे येतो, कारण इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय. आपल्या भागात बाळंतपण माहेरी होतं. माहेर चंदगड तालुक्यात, सासर बेळगाव तालुक्यात, मध्ये तासाभराचं अंतर आणि एक राज्याची हद्द. बाळ जन्मतं तिकडे, नोंद होते महाराष्ट्रात, पहिले डोस तिकडच्या आरोग्य केंद्रात. मग बाळ सासरी येतं. इकडं कर्नाटकाचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड, गरोदरपणी काढलेलं असतं, त्यात बाळाची पानं कोरी. तिकडच्या आशाताई म्हणतात, पोर बेळगावला गेलं, तिकडं झालं असेल. इकडच्या आशाताई म्हणतात, ते चंदगडचं, तिकडं होत असेल. पहिल्या साडेतीन महिन्यांच्या लशी आजी लक्षात ठेवून करून घेते, पण गोवराची लस येते नवव्या महिन्यात, नेमकी मुक्काम बदलायच्या काळात. माझ्या टेबलावर आया प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कार्डं काढतात, एक मराठी, एक कन्नड, आणि गोवराच्या रकान्यात दोन्हीकडं काहीच नसतं. आळस नसतो तो, कुणाचा हलगर्जीपणाही नसतो. दोन यंत्रणांच्या मध्ये पोर राहून गेलेलं असतं.

वीटभट्टीवर आलेल्या, ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर आलेल्या मुलांचं तर याहून अवघड. तुमच्या लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या कडेवरच्या बाळाचाही यात विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून ताई, लग्नाच्या तोंडावर बाळाला चंदगडला नेलंत तर गोवरापासून लांब गेलात असं होत नाही. लशीची तारीख मात्र हुकायची शक्यता वाढते. आज एवढं करा: दोन्ही कार्डं काढा, दोन्हींचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि तिकडं झालेल्या लशी इकडच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून या कार्डावर चढवून घ्या. कन्नड वाचता येत नसेल तर नऊ महिन्यांच्या ओळीत ‘दडार-रुबेला’ लिहिलेलं असतं, ती आपली गोवराची लस. लस कुठल्या राज्यात घेतली यानं काही बिघडत नाही, सरकारी लस दोन्हीकडं तीच आहे आणि फुकट आहे.

बाळाला आत्ता, सातव्या महिन्यात लस द्यावी का? हे परिस्थितीवर आहे. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती या वयात थोडीफार शिल्लक असते आणि ती लशीच्या आड येते. शिवाय इतक्या लहान बाळाचं शरीर लशीला तेवढं चांगलं उत्तर देत नाही. म्हणून आपल्या सरकारी वेळापत्रकात पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत. सहा महिन्यांनंतरचा लवकरचा डोस दोन प्रसंगी देतात. एक, वस्तीत साथ आली आणि आरोग्य खात्यानं तसं ठरवलं तर. मुंबईत 2022 ला तसं केलं होतं. दोन, बाळ स्वतः परदेशी जाणार असेल तर. आणि हा लवकरचा डोस जादाचा धरतात, नऊ महिन्यांचा आणि त्यानंतरचा पुन्हा द्यावाच लागतो. तुमची मुलगी बेळगावातच राहणार आहे. तुमच्या गल्लीत किंवा पाहुण्यांच्या घरात गोवर निघाला नसेल, तर मी थांबेन. बाळ पुरे दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल किंवा तिला दुसरा काही मोठा आजार असेल तर मात्र तुमच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवून ठरवा.

तुम्ही दिलेल्या तारखेनुसार तिला नऊ महिने लग्नाच्या साधारण दोन आठवडे आधी पूर्ण होतात. हे फार बरं झालं, कारण लशीचं संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे लागतात. पण म्हणूनच एक आठवडाही घालवू नका. आरोग्य केंद्रात कधीकधी ‘चार पोरं जमली की या’ असं सांगतात. त्याचं कारण असं की ही लस पावडरच्या रूपात असते, एका बाटलीत अनेक डोस असतात आणि द्रावण एकदा तयार केलं की चार तासांत संपवावं लागतं, उरलेली फेकून द्यावी लागते. सिस्टरना ती वाया जाताना बघवत नाही. पण सरकारी धोरण असं आहे की एकच मूल आलं तरी बाटली फोडायची. हे नम्रपणे सांगा, त्या ऐकतात. नाहीच जमलं तर खासगीत एमएमआर घ्या, त्यात गोवर-रुबेलासोबत गालगुंडाचीही लस असते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर ऐन लग्नात घाबराल. लशीनंतर सात ते बारा दिवसांनी काही बाळांना बारीक ताप येतो, क्वचित अंगावर थोडं पुरळही दिसतं. ते एक-दोन दिवसांत जातं आणि त्यापासून दुसऱ्या कुणाला गोवर होत नाही. तरीही त्या दिवसांत आलेला ताप लशीचाच असं घरच्या घरी ठरवू नका, बाळाला दाखवा.

आता पुतण्या. तिथं जन्मलेला मुलगा म्हणजे लशी पूर्ण असणारच, असं आपण धरून चालतो. ऑन्टारिओत पहिला डोस वर्ष पूर्ण झाल्यावर देतात आणि दुसरा चार ते सहा वर्षांत. म्हणजे साडेतीन वर्षांच्या मुलाचा बहुधा एकच डोस झालाय. प्रवासाला निघताना दुसरा डोस आधी घेता येतो, पहिल्यानंतर चार आठवडे गेले असले की पुरे. एका डोसनं शंभरातल्या 93 मुलांना संरक्षण मिळतं, दोन डोसनी 97 जणांना. जाऊबाईंना हे कसं सांगायचं याचं तुम्हाला दडपण आलंय, ते मी समजू शकतो. थोरल्या जावेला ‘तुमच्या मुलामुळं भीती वाटते’ असं म्हणणं बरं दिसत नाही, आणि ते खरंही नाही. असं लिहा: ‘वहिनी, इकडं गोवर अजून असतो. लग्नात गर्दी फार होणार. पिल्लूचा दुसरा डोस निघायच्या महिनाभर आधी करून घ्या, तुमचे दोघांचेही झालेत का बघा. आम्हीही इकडं सगळ्यांचे करतोय.’ यात दोष कुणालाच जात नाही आणि शब्द न् शब्द खरा आहे.

‘आम्हीही सगळ्यांचे करतोय’ हे मात्र खरोखर करायचंय. गोवराची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात 1985 ला आली आणि दुसरा डोस 2010 नंतर. मधल्या पंचवीस वर्षांत जन्मलेल्यांना, म्हणजे तुमच्या, तुमच्या मिस्टरांच्या आणि नणंदेच्या पिढीला, फार तर एक डोस मिळालेला असतो, आणि तोही नवव्या महिन्यात, जेव्हा लस शंभरातल्या 85 जणांनाच लागू पडते. पुढं मोठी मोहीम झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी: कर्नाटकात फेब्रुवारी 2017 मध्ये, महाराष्ट्रात नोव्हेंबर 2018 मध्ये. त्या दरम्यान जी मुलं शाळेसाठी बेळगावातून कोल्हापूरला किंवा तिकडून इकडं आली, त्यांतल्या काहींना दोनदा मिळाली, काहींना एकदाही नाही. दोनदा घेतली म्हणून काही बिघडत नाही. कार्ड सापडत नसेल तर शोधत बसू नका, झालेली नाही असं समजून चार आठवड्यांच्या अंतरानं एमएमआरचे दोन डोस घ्या.

तुम्ही अंगावर पाजत असलात तरी ही लस चालते. गरोदर बाईला मात्र देत नाहीत, आणि लशीनंतर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. नणंदेचं लग्न आहे, म्हणून तिला हे आजच सांगा, म्हणजे दोन्ही डोस लग्नाच्या आधी महिनाभर उरकतील. घरात कुणी कॅन्सरचं औषध, जास्त मात्रेचं स्टेरॉइड घेत असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर ही लस त्यांना परस्पर देऊ नका, कारण तिच्यात दुबळे केलेले पण जिवंत विषाणू असतात. त्यांचं संरक्षण बाकीच्यांच्या लशीवरच अवलंबून असतं.

एवढं करूनही कुणाला ताप आला तर? प्रवासानंतर किंवा परदेशाहून आलेल्या माणसाच्या संपर्कानंतर तीन आठवड्यांच्या आत ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे असतील तर मनात गोवर आणा. मी बॅटरीनं गालाच्या आतली बाजू बघतो. दाढांजवळ लाल त्वचेवर मीठ सांडल्यासारखे बारीक पांढरे ठिपके दिसले की पुरळ उठायच्या आधीच ओळखता येतं. पुरळ कानामागून, केसांच्या कडेपासून सुरू होतं आणि तोंडावरून खाली पायांकडं उतरतं. अशा मुलाला थेट दवाखान्यात आणून बाकड्यावर बसवू नका. आधी फोन करा, प्रवासाचं सांगा. आम्ही बाहेर गाडीत तपासतो किंवा सगळे गेल्यावर शेवटी बोलावतो, कारण त्याच खोलीत कुणाचं तरी दोन महिन्यांचं बाळ बसलेलं असतं.

आरोग्य केंद्राला कळवायला लाजू नका. ते घरावर फलक लावायला येत नाहीत. रक्ताचा नमुना घेतात आणि आसपासच्या बिनलशीच्या मुलांना शोधतात. संपर्क आल्यापासून 72 तासांच्या आत लस मिळाली तर सहा महिन्यांवरच्या बाळालाही आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. त्याहून तान्हं बाळ किंवा लस न झालेली गरोदर बाई असेल तर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं औषध, देता येतं. हे सगळं वेळेवर कळवलं तरच.

घरातल्या मोठ्या बायका म्हणतील, अंगावर आई आली आहे, औषध देऊ नका, अंघोळ नको. कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवायला माझी काही हरकत नाही, मूल वेगळ्या खोलीत ठेवतात ते तर चांगलंच आहे. पण खाणंपिणं तोडू नका, अंगावरचं दूध तर अजिबात नाही. आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन डोस, लागोपाठ दोन दिवस, प्रत्येक गोवर झालेल्या मुलाला मिळायलाच हवेत. त्यानं डोळे वाचतात, जीवही वाचतो. धाप लागली, मूल गुंगीत राहिलं, झटका आला, पाणी पिईना किंवा बुबुळ पांढुरकं दिसलं तर रात्र असली तरी बिम्स या बेळगावच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. गोवरात मुलं जातात ती बहुतेक न्यूमोनियानं आणि जुलाबानं, आणि दोन्हींवर वेळेत उपचार होतो.

राहिल्या सासूबाई. त्या वयाच्या बहुतेकांना लहानपणी गोवर होऊन गेलेला असतो आणि तो पुन्हा सहसा होत नाही. ‘लहानपणी निघाला होता’ असं त्या खात्रीनं सांगत असतील तर काळजी नको. खात्री नसेल तर जायच्या दोन आठवडे आधी एमएमआरचा एक डोस घ्यायला हरकत नाही. त्यांना मधुमेह किंवा रक्तदाब असला तरी चालतं. डोस घेतला तर लशीचं नाव आणि तारीख इंग्रजीत लिहून, शिक्क्यासह कागद पासपोर्टसोबत ठेवा.

इथून लहान मूल कॅनडाला राहायला नेणाऱ्यांनीही एक लक्षात घ्या, कारण दर वर्षी कुणीतरी शाळेच्या प्रवेशाच्या वेळी अडकून मला फोन करतं. तिकडं पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस मोजत नाहीत. आपल्याकडं नवव्या आणि सोळाव्या महिन्यात दोन डोस झालेल्या मुलाचा तिकडं एकच धरला जातो, आणि सरकारी लशीत गालगुंडाची लस नसल्यामुळं तीही राहिलेली असते. निघायच्या आधी इथंच एमएमआर घेऊन टाका. पिवळ्या तापाची लस लागणाऱ्या आफ्रिकी देशात जाणार असाल तर तिच्यात आणि एमएमआरमध्ये चार आठवड्यांचं अंतर लागतं, म्हणून तिकीट काढलं त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.